इंजिनिअर हा शब्द क्रियापद झाला की

नमस्कार श्रोतेहो. मी परभणीहून बोलायलोय, कॉलेजात इंग्रजी शिकवतो. परवा अकरावीच्या वर्गात एक वाक्य आलं, 'शी इंजिनिअर्ड अ कॉम्प्रमाइज', आणि एका पोरीनं अर्थ सांगितला की ती बाई इंजिनिअर होती अन् तिनं तडजोड केली. वर्गात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. पोरांचा दोष नाही बघा, आपल्याकडं इंजिनिअर म्हणलं की डिग्री, सीईटी, लातूर-नांदेडचे क्लासेस, त्याच्यापुढं डोकं जातच नाही.

पण हे क्रियापद पण आहे, आणि मला ते फार आवडतं. मूळ लॅटिन, इंजेनियम, म्हणजे उपजत अक्कल. त्याच्यातूनच कल्पक या अर्थाचा इंजिनिअस आला, अन् इंजिन बी त्याच्यातूनच. पूर्वी इंग्रजीत इंजिन म्हणजे चतुराई, युक्ती असाच अर्थ होता, मशीन नंतर आली. मग 'टू इंजिनिअर' म्हणजे काय, तर सगळ्या अडचणी आधीच धरून एखादी गोष्ट अशी बसवायची की ती ठरल्यासारखी घडलीच पाहिजे.

आता मोट आठवा. माझ्या आजोबाच्या विहिरीवर होती. चामड्याची मोट, तिला खाली सोंड. मोटेला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून जायचा, अन् सोंडेला बारीक सोंदूर, तो खालच्या कण्यावरून. मोट विहिरीतून वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाबरोबर वर धरलेली, म्हणून थेंब सांडायचा नाही, आणि काठावर आली की दोन दोरांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या, मोट वर चढायची, सोंड मात्र खालच्या कण्यावरून पुढं ओढली जायची आणि सगळं पाणी आपोआप थारोळ्यात. कुणी हात लावायचा नाही. शिवाय बैल धावेच्या उतारावरून खाली चालायचे, म्हणजे ओढायला त्यांचं स्वतःचं वजन कामाला यायचं. दोन दोरांची लांबी नीट जुळली नसती तर पाणी परत विहिरीतच गेलं असतं. हे ज्यानं बसवलं त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, पण इंग्रजीत सांगायचं तर त्यानं ती मोट इंजिनिअर केली, दुसरा शब्दच नाही.

संभाजीनगरची पाणचक्की पण तशीच, डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या पाइपातून आणलं, दाबावर उंच भिंतीवर चढवलं, अन् तिथून पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरवलं, पंप नाही काही नाही.

शेतीत हा शब्द ऐकू येतो तो बीटी कपाशीमुळं. मातीतल्या एका जिवाणूचा जीन कपाशीत घातला, बोंडअळी मरावी म्हणून. 2002 साली आपल्या देशात त्याला परवानगी मिळाली. अशा पिकाला जेनेटिकली इंजिनिअर्ड म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे, मुद्दाम ठरवून बसवलेलं. पण 2017 ला त्याच बीटी कपाशीचं गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं काय केलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, अळी पण गप बसत नसती.

आता माणसांच्या बाबतीत हा शब्द जरा जपून वापरायचा. तडजोड, करार, भेट, हे इंजिनिअर होतं, पण दंगल आणि सरकार पाडणं पण होतं, आणि पेपरात बऱ्याचदा वाईटाकडंच झुकतं, पडद्यामागून कुणीतरी हलवलं असा वास येतो. मराठीत आपल्याकडं यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे मला त्या दिवशी वर्गात बोलता बोलता सुचलं. दंगल घडवून आणतात. सोयरीक जुळवून आणतात. दोन्हीत डोकं लागतं, दोन्हीत आधी ठरवावं लागतं, पण एक शब्द ऐकला की बऱ्याचदा संशय येतो अन् दुसरा ऐकला की बरं वाटतं, इंग्रजीत मात्र हे काम संदर्भावर सोडलेलं.

मी दोन्ही फळ्यावर लिहिले आणि त्याच पोरीला विचारलं, तुझ्या वाक्यात कोणता बसतो गं. तिनं वरचा अख्खा पॅरा परत वाचला, त्यात दोन भावांचं शेताचं भांडण होतं अन् ती बाई त्यांची बहीण होती.

म्हणली, सर, जुळवून आणली.