हरियाल आणि चहाची उधारी

नमस्कार, श्रोतेहो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता? मोर म्हणू नका, तो देशाचा. आपला हरियाल. जातीनं कबुतर, पण घुटर्घुम करत नाही, माणसासारखी शीळ घालतो. अंग हिरवं-पिवळं, खांद्यावर जांभळट डाग आणि पाय पिवळे. पाय लक्षात ठेवा, पिवळे.

तर साताऱ्याकडे रस्त्याकडेच्या एका वडाखाली चहाची टपरी होती. मालक आलं ठेचून घालायचे. किसलेल्या आल्याचा चहा मला चहाच वाटत नाही, पण ते असो. वड फळांनी लगडलेला, अर्धवट खाल्लेली लाल फळं बाकावर टपाटप पडत होती. मी ऐटीत म्हटलं, "वर हरियाल आहेत." मालक म्हणाले, "किती ते सांगा. जितके चुकाल तितके चहा तुमच्याकडून."

गळ्यात दुर्बीण होती बरं का! मान दुखेपर्यंत पाहिलं. सात सापडले. सांगितलं, सात.

मालक काही बोलले नाहीत. रिकामं पातेलं उचललं आणि त्यावर सांडशी दोनदा आपटली. ज्या फांदीवर मला नुसती पानं दिसत होती, तिथून ती पानंच उडाली हो! त्यांनी मोजले सव्वीस. मी कुठला वाद घालणार? एकोणीस चहा अंगावर आले.

आता हा पक्षी काही संकटग्रस्तांच्या यादीत नाही. संकट आहे त्याच्या झाडांवर. वड, पिंपळ, उंबर. पुन्हा सांगतो, वड, पिंपळ, उंबर. ही झाडं एकाच वेळी फळत नाहीत, म्हणून याचं ताट बारा महिने भरलेलं. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. रस्ता रुंद करताना आधी वड जातो आणि बदल्यात येतो गुलमोहर, थेट मादागास्करचा पाहुणा. त्याच्या शेंगा हरियालनं खायच्या? आणि वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणून कुंडीत खोचणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

गेल्या हिवाळ्यात उधारी फेडायला गेलो. वड नव्हता. टपरी थोडी पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये, मागे ओढ्याकाठी एक उंबर. मालक सगळे पैसे घेईनात. म्हणाले, "एका खेपेला एकच चहा फिटणार." मग उंबराकडे बोट करून विचारलं, "सांगा, किती?"

वर पाहिलं. पानांआड दोन पिवळे पाय दिसले. आकडा काही मी सांगितला नाही.