त्रेसष्टचा फरक

विषय छापलाय 'खतावणी : अर्थ आणि उपयोग'. तरीही एवढी माणसं आलीत, म्हणजे एक तर तुम्हाला हिशेबाची खरोखर आवड आहे, नाहीतर पुढचा कार्यक्रम चांगला आहे. (हशा)

रोजकीर्द तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. तिला विचारा, 'त्या तारखेला काय काय झालं?' घडाघडा सांगेल. 'अमक्याकडून एकूण किती येणं आहे?' असं विचारलं की गप्प. तिथे खतावणी लागते. आकडे तेच, फक्त तारखेच्या रांगेतून उठवून ज्याच्या त्याच्या खात्यात बसवलेले. या उठवून बसवण्याला, म्हणजे खतवण्याला, लोक कारकुनी समजतात. माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

नोकरीतल्या पहिल्याच वर्षअखेरीला माझी तेरीज जुळेना. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाक्यांचा तक्ता, दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. नावे बाजू जमेपेक्षा 63 नं जास्त. वरिष्ठांना म्हटलं, खिशातून भरून टाकतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फरक 63 चा, म्हणून चूकही 63 चीच, हे तुला कोणी सांगितलं? एका बाजूला 1000 गळले असतील आणि दुसरीकडे 937."

तीन रात्री गेल्या. पहिली नुसती बेरजा तपासण्यात. मागे एका सभेत कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा गणकयंत्र नव्हतं का? होतं ना. चुकीच्या आकड्यांची त्यानं अगदी अचूक बेरीज केली. (हशा) दुसऱ्या रात्री वरिष्ठांना दया आली. "फरकाला आधी दोननं भाग. एखादी रक्कम भलत्या बाजूला पडली, तर फरक तिच्या दुप्पट येतो." 63 विषम, आणि सगळ्या रकमा पूर्णांकात, तो रस्ता बंद. "मग नऊनं भाग." पूर्ण भाग गेला, उत्तर सात! असा भाग गेला की शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा, आणि भागाकार येईल तेवढं त्या अंकांतलं अंतर. एकं-दहंच्या जागी सातच्या अंतराच्या जोड्या तीनच: 70-07, 81-18, 92-29. तिसऱ्या रात्री एका पुरवठादाराच्या खात्यात जमेला 18 सापडले. रोजकीर्दीत 81 होते.

तेरीज जुळली, मी झोपलो. दोन महिन्यांनी एका ग्राहकाचं तापलेलं पत्र आलं: पैसे भरले, तरी तगादा कशाचा? त्याच आडनावाचा दुसरा ग्राहक होता, याचे पैसे त्याच्या खात्यात जमा. खतवणारा कोण, ते विचारू नका. तेरजेला याचा पत्ताही नव्हता, कारण बाजू बरोबर, रक्कम बरोबर, माणूस तेवढा चुकला. तरी 'तेरीज जुळली, आता काय बघायचं?' म्हणणारे आजही भेटतात. आणि 'संगणकात खतावणी आपोआप होते' म्हणणारेही. होते की! खातं चुकीचं निवडलं तर चूकही आपोआप होते, वर सुवाच्य अक्षरात.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ही पद्धत लिहून ठेवली. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदा नावे आणि एकदा जमा, त्यानं शोधली नाही, तिथले व्यापारी ती करतच होते. त्याच्या तीन वह्या: कच्ची टिपणवही, रोजकीर्द, खतावणी. रोजकीर्दीतल्या नोंदीवर तो दोन रेघा मारायला सांगतो. नावे खतवली की एक, जमा खतवली की दुसरी. मला हे फार आवडतं. माझ्याही दोन्ही रेघा होत्या म्हणा, आकडाच उलटा होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अर्थ झाला, उपयोग राहिलेत, पळत सांगतो.

मालमत्तेच्या, देण्याच्या आणि व्यक्तींच्या खात्यांची बाकी पुढच्या वर्षात ओढायची. तीच ताळेबंदात दिसते. खर्च-उत्पन्नाची खाती नफातोटा खात्यात रिकामी करायची, नव्या वर्षी ती शून्यापासून. ग्राहक फार झाले की त्यांची वेगळी साहाय्यक खतावणी, आणि मुख्य खतावणीत सगळ्यांचं मिळून एक नियंत्रण खातं. त्याची बाकी आणि ग्राहकांच्या बाक्यांची बेरीज एकच यायला हवी. माझा आडनावबंधू तिथेही निसटला असता, दोघं एकाच खतावणीतले! तो पकडायला प्रत्येकाला खातेउतारा पाठवून बाकी कबूल करून घ्यावी लागते. तेरजेतल्या फरकाचं कारण सापडेपर्यंत तो उचंत, म्हणजे तात्पुरत्या, खात्यात ठेवता येतो. तिथेच मुक्कामाला ठेवला, तर हिशेब तपासनीस पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.

नावे-जमेचे नियम राहिले. मागे हात वर दिसतोय, तुम्ही त्यावरच विचारणार असाल तर बरं होईल. बोला.