बी-१२ : ताटापासून पेशीपर्यंत

[दृश्य : गोठा, दुधाची चरवी]

दुधातलं बी-१२ गाईनं बनवलेलं नसतं. ते तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांनी घडवलेलं असतं. हे जीवनसत्त्व तयार करणं ना वनस्पतींना जमतं, ना प्राण्यांना. रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. ही गुंतागुंतीची रचना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ साली क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडली.

मोठ्या माणसाला दिवसाला लागतं २ ते २.५ मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दुधात साधारण तेवढं असतं. खरी अडचण पोटात गेल्यावर सुरू होते.

[दृश्य : जठर आणि आतड्याचं रेखाचित्र]

जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य बी-१२ला अन्नातल्या प्रथिनांपासून सुटं करतात. लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरून पुढं नेतं. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे पाचकरस ती पकड सोडवतात आणि जठराच्या अस्तरात तयार झालेला ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ त्याला ताब्यात घेतो. या जोडीला आत घेणारी जागा एकच, लहान आतड्याचा शेवटचा भाग. म्हणून वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांना, आतड्याचा तो भाग काढावा लागलेल्यांना मटण-मासे खाऊनही कमतरता होऊ शकते.

या मार्गानं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं. वरचं जेमतेम एक टक्का आपसूक झिरपतं. गोळीत १००० मायक्रोग्रॅम असतात ते त्यातले दहाएक तरी रक्तात पोचावेत म्हणून.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी]

पेशीत बी-१२ होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल करायला मदत करतं आणि त्याच वेळी फोलेट या दुसऱ्या बी जीवनसत्त्वाला मोकळं करतं. ते नसेल तर फोलेट अडकून पडतं, डीएनए नीट बनत नाही, तांबड्या पेशी मोठ्या आणि कमी होतात. इथं नुसतं फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. उपचार लांबले तर ही हानी कायमची होऊ शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा अभ्यास इथं फार महत्त्वाचा आहे. गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत कमी होता.

स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक आहारावर विसंबू नका. त्यातला बहुतांश रेणू दिसायला बी-१२सारखा, पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी असतो. तपासणीचं रक्त गोळ्या सुरू करण्याआधी द्या. नंतर दिलं तर आकडा वाढलेला येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आकडा काठावरचा असेल, तर बी-१२ कमी पडलं की वाढणाऱ्या मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.