मुलगी नंबर 166

(गिल्बर्ट हिलचा वरून शॉट, मग खाली गल्ल्या, मेट्रोचा पूल, पोलीस स्टेशनची पाटी)

अंधेरी वेस्टला गिल्बर्ट हिल आहे. साधारण दोनशे फूट उभा काळा कातळ, वर गावदेवीचं देऊळ, आणि खाली चारी बाजूंनी एवढी दाट वस्ती की नवखा माणूस आत शिरला तर बाहेर यायचा रस्ता विचारतच येतो. हा सगळा पट्टा डी. एन. नगर पोलीस स्टेशनचा. 2008 ते 2015 या काळात या पोलीस स्टेशनला 166 मुली हरवल्याची नोंद झाली, त्यातल्या 165 सापडल्या.

हा आकडा आला की एक नाव येतं, राजेंद्र धोंडू भोसले, एएसआय, म्हणजे आपले सहायक फौजदार. नाव यायलाच पाहिजे, त्यांनी काम तसंच केलंय. पण आज आपल्याला भोसले साहेबांबरोबर त्यांच्या आजूबाजूची माणसंही बघायची आहेत, कारण मिसिंगची केस एकट्याने सुटत नाही, ते काम कसं चालतं हे माहीत असेल तर हे लगेच पटतं.

(डायरी लिहिणारे हात, वायरलेसचा आवाज)

एक आई रात्री पोलीस स्टेशनला येते, पोरगी क्लासला गेली ती आलीच नाही. ठाणे अंमलदार समोर बसवतो, पाणी देतो आणि लिहायला घेतो, उंची किती, रंग कसा, अंगावर काय कपडे, भाषा कुठली बोलते, अंगावर खूण काय, फोटो आहे का. आईला त्या क्षणी ड्रेसचा रंगसुद्धा आठवत नसतो, मग एखादी महिला कॉन्स्टेबल शेजारी बसून हळूहळू तिच्याकडून सगळं काढून घेते. तिथून कंट्रोल रूमला मेसेज, बाकी पोलीस स्टेशनांना मेसेज. एक जण स्टेशनकडे पळतो, एक शाळेत, एक मैत्रिणीच्या घरी. हॉस्पिटलं बघायची. डोंगरी, मानखुर्दची बालगृहं बघायची. आणि शवागारही बघावं लागतं, ते काम कुणालाच नको असतं तरी कुणीतरी जातंच.

वयात आलेल्या मुलींच्या केसेस वेगळ्या असतात. कुणी दहावीच्या निकालाला घाबरून गेलेली, कुणी घरी भांडून, कुणाला लग्नाचं तर कुणाला सिनेमात कामाचं आमिष. मोबाईल असला तर लोकेशन मिळतं, आणि लोकेशन बाहेरच्या राज्यात निघालं की टीम निघते, एक अधिकारी, एक-दोन अंमलदार आणि महिला कॉन्स्टेबल, कारण मुलगी सापडली तर तिला परत आणताना सोबत बाई हवीच. मिळेल त्या गाडीने, कधी रिझर्व्हेशन नसताना, अनोळखी गावात उतरायचं, तिथल्या पोलिसांना घ्यायचं, दार वाजवायचं. सापडली की मेडिकल, जबाब, बालकल्याण समितीसमोर हजर करणं, आणि मग आईबापाला शांत करणं, कारण काही बाप पोलिसांच्या समोरच पोरीवर हात उगारतात.

हे चालू असताना बाकीचं पोलीस स्टेशन थांबत नाही ना. गणपतीचा बंदोबस्त असतो, मंत्र्यांचा दौरा असतो, रात्रपाळी असते. जो माणूस मुलीच्या मागे बाहेरगावी गेलाय त्याची ड्युटी दुसरा कुणीतरी ओढतो, त्याचं नाव पेपरात येत नाही, कौतुकपत्रातही येत नाही. माझ्या मते 165 या आकड्यात सगळ्यात जास्त घाम अशाच लोकांचा आहे. आणि ही सवय ट्रेनिंगपासूनची, एकाने चूक केली की सगळ्या तुकडीला रगडा, म्हणजे अंग मोडेपर्यंतची शिक्षा, त्यामुळे शेजारचा काय करतोय याची काळजी पहिल्या महिन्यातच अंगात मुरते.

(शाळा सुटल्याची गर्दी, मुलांचे फक्त पाय आणि दप्तरं)

22 जानेवारी 2013, मंगळवार. सात वर्षांची एक मुलगी भावाबरोबर शाळेला निघाली. भाऊ पुढे गेला, ती मागे राहिली आणि शाळेत पोचलीच नाही. तिचं नाव आपण घेणार नाही, नोंदीत ती 166 नंबरची. पोस्टर लागले, वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले, शेजाऱ्यांनी आपले मोबाईल नंबर पोस्टरवर टाकले, लोकांनी तिचा फोटो इंटरनेटवर फिरवला. भोसले आणि त्यांचे सहकारी बस स्टॉप, स्टेशनं, बालगृहं सगळं पालथं घालत होते. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लहान मूल हरवलं तर ते पळवलं गेलंय असं धरूनच गुन्हा नोंदवायचा, नुसती मिसिंगची नोंद करून थांबायचं नाही. नियम बदलला, काम वाढलं, बाकीच्या मुली एकेक करून घरी आल्या. ही आली नाही.

2014 च्या जूनमध्ये डी. एन. नगरवरून मेट्रो धावायला लागली, खालचा रस्ता ओळखू येईना इतका बदलला. आणि 2015 च्या मे मध्ये भोसले रिटायर झाले.

पोलिसाचं रिटायरमेंट म्हणजे काय होतं हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. महिन्याचा शेवटचा दिवस, शाल, श्रीफळ, हार, दोन शब्द, सगळ्यांबरोबर फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नागरिक. आयकार्ड जमा. कुणाचे कॉल डिटेल मागवता येत नाहीत, कुणाच्या दारावर जाऊन चौकशी करता येत नाही, काल ज्या रजिस्टरमध्ये तुम्ही स्वतः लिहीत होता ते आज परवानगीशिवाय उघडता येत नाही. केस कागदावर दुसऱ्याकडे गेलेली असते. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलत राहतात, नवीन साहेब येतात, त्यांच्या टेबलावर नवीन केसेस असतात, आणि जुनी फाईल खाली खाली जाते. यात कुणाची नियत खराब असते असं नाही, कामाचा रेटाच तसा असतो.

अशा वेळी रिटायर्ड माणूस टीमला काय देऊ शकतो? आठवण देऊ शकतो. भोसलेंनी तेच केलं. त्या मुलीचा फोटो खिशात ठेवला, वापरून वापरून मऊ पडला असेल असा तो एक कागद, तो काढायचा आणि लोकांना दाखवत राहायचं. तिच्या घरी जात राहिले. पोलीस स्टेशनला जाऊन विचारत राहिले, काही कळलं का. जुन्या सहकाऱ्याला दर वेळी तोच प्रश्न विचारणं सोपं नाही हो, समोरच्याला ओशाळं वाटतं, विचारणाऱ्याला तर त्याहून जास्त. पण सर्व्हिसमध्ये असलेल्यांनी त्यांना दार बंद केलं नाही, आणि मला वाटतं टीम म्हणजे इथे खरी दिसते, वर्दी उतरलेल्या माणसाला आपल्यातलाच धरण्यात.

(जुहूच्या सोसायट्या, कामाला निघालेल्या बायका)

4 ऑगस्ट 2022. मुलगी सोळा वर्षांची झाली होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं, गाजावाजा झाल्यावर काही काळ कर्नाटकात ठेवलं, पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि मग हिला मारहाण, घरकाम, लोकांकडे पोरं सांभाळायची कामं. त्या दिवसांत ती राहत होती ते घर तिच्या आईच्या घरापासून पाचशे मीटरच्या आतलं. हे ऐकून राग येतो, यायलाच पाहिजे, पण इथल्या गल्ल्यांमधून एकदा चालून बघितलं की पाचशे मीटर किती लांब असू शकतं ते समजतं.

तिने जुहूला आपल्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईला सांगितलं, हे माझे आईवडील नाहीत. त्या बाईने विश्वास ठेवला, मोबाईलवर नाव टाकून शोधलं आणि 2013 चं पोस्टर समोर आलं. पोस्टरवर पाच नंबर, चार लागले नाहीत. पाचवा लागला, एका जुन्या शेजाऱ्याचा, त्याने नऊ वर्षं नंबर बदललाच नव्हता. त्याला आधी खरं वाटेना, कारण खोटे फोन बरेच येऊन गेले होते, मग व्हिडिओ कॉल झाला, फोटो आईला दाखवला, आईने ओळखलं. रात्री डी. एन. नगर पोलिसांची टीम आणि घरचे तिला घेऊन आले. एकाला अटक झाली, त्याच्या बायकोवरही गुन्हा दाखल झाला. मुलीचे वडील मात्र हे बघायला राहिले नव्हते, काही महिने आधीच गेले.

भोसलेंना बातमी मिळाली तेव्हा रिटायर होऊन सात वर्षं झाली होती. मुलगी प्रत्यक्ष त्यांच्या हाताने सापडली नाही हे खरंय, आणि ते सांगितल्याने त्यांचं काम कमी होत नाही. 2013 मध्ये पोस्टर छापणारे, ते चिकटवणारे, नंबर देणारा शेजारी, घरकाम करणारी ती बाई, त्या रात्री ड्युटीवर असलेले पोलीस, आणि खिशात फोटो ठेवणारे भोसले, यातला एक जरी गळला असता तर कदाचित 166 हा आकडा अजून उघडाच राहिला असता.

(पोलीस स्टेशन, आजचा दिवस, काउंटरवर गर्दी)

मिसिंगचं टेबल आजही रिकामं नसतं. मूल हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं असं अजूनही लोक म्हणतात, ते चुकीचंय, लगेच 112 ला नाहीतर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला जायचं, गुन्हा त्यांना नोंदवावाच लागतो. जाताना अलीकडचा फोटो घेऊन जा. आणि पोस्टरवर जो नंबर द्याल तो बंद होऊ देऊ नका.