आविष्कार: पोस्टरपाशी जरा थांबून

कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळपासून नुसती धावपळ चालूय. कुणाचं पोस्टर एका कोपऱ्यातून सुटतंय, कुणी भिंतीकडे तोंड करून पाठ केलेलं पुटपुटतंय. ही 'आविष्कार'ची कॉलेज लेव्हलची फेरी. कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ पासून चालू असलेली विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. शेतीपासून औषधांपर्यंत सगळंच असतं इथे, पण आपण बघणारोत ते विकासाचे विषय, पाणी, कुपोषण, स्थलांतर वगैरे.

ते ओळखू येतात लगेच, कारण पोस्टरवर रंगीत चौकोन असतात, एकेक चौकोन म्हणजे एकेक शाश्वत विकास उद्दिष्ट, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली अशी १७ उद्दिष्टं, २०३० पर्यंत गाठायची. खरं सांगायचं तर हे चौकोन डकवायची आता फॅशनच झालीय, साधं पार्किंगचं ॲप असलं तरी दोन-तीन हवेतच.

हे पोस्टर मात्र बघा. विषय, लहान मुलांची खुंटलेली वाढ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला देशात पाच वर्षांखालची ३८.४ टक्के मुलं खुंटलेली होती, २०१९-२१ ला ३५.५, आणि तेवढ्याच काळात महाराष्ट्रात ३४.४ चे झाले ३५.२. फरक थोडाच आहे हो, पण उलट्या दिशेचा, आणि आपण मिरवतो काय तर प्रगत राज्य!

परीक्षक मॅडमनी त्या आकड्यांबद्दल काही विचारलंच नाही. पोस्टरवाल्या मुलीनं स्वतः मुलं मोजलीयत, तिला पहिला प्रश्न, "मुलांचं वय कुठून घेतलंस?" आणि सगळी गोम इथेच आहे, कारण मूल खुंटलंय की नाही हे ठरतं वयाच्या मानानं उंची किती त्यावर, म्हणजे जन्मतारीख चार-पाच महिन्यांनी चुकली की चांगलं धडधाकट पोर खुंटलेल्यांत जातं, नाहीतर खुंटलेलं सुटून जातं.

"आधी लसीकरणाचं कार्ड बघितलं मॅडम, नसेल तर अंगणवाडीचं रजिस्टर, दोन्हीकडे वेगळी तारीख असेल तर ते मूल घेतलंच नाही."

"आणि दोन वर्षांच्या आतली?"

"झोपवून मोजली. एकटीनं नाही जमत, आई डोकं धरते, मी गुडघे दाबते, आणि पट्टी टेकवायच्या वेळेलाच बाळ पाय आखडतं, की परत पहिल्यापासून."

असल्या कामातूनच मोठं काही निघतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, वजन करायचं, श्वास मोजायचे, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आलं, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन भेट द्या असं सगळ्या जगाला सांगितलं.

इथे एका पोस्टरला वेळ मिळतो जेमतेम, त्यामुळे चकाचक छपाईलाच मार्क मिळून जायची भीती असतेच. मॅडम मात्र अजून इथेच आहेत. विचारतायत, अंगणवाडीच्या सेविकाताईंना यातलं काही कळवलंस का?

"यादी नेऊन दिली मॅडम. त्यांनी दोन जन्मतारखाच चुकीच्या असल्याचं दाखवलं, मग ग्राफ नव्यानं काढावा लागला."