म्हातारी कोंबडी ‘अचानक’ मरते तेव्हा

मित्रहो, ‘काल संध्याकाळपर्यंत दाणे टिपत होती आणि सकाळी खुराड्यात मान टाकून पडलेली दिसली’ हे वाक्य पशुवैद्यक म्हणून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो. कोंबडीनेच त्याला फसवलेले असते. अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून आजारी कोंबडीही दाण्यांवर चोच मारत राहते, फक्त गिळत नाही.

गेल्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्याच एका बाईंनी साडेतीन वर्षांची मेलेली कोंबडी आणली. तिला ऊन लागले, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी छातीवरून बोट फिरवले, तर मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले. दोन्ही बाजूंचे मांस झिजून गेले होते, आणि असे मांस एका दुपारच्या उन्हाने झिजत नाही. पोट उघडल्यावर गढूळ पिवळे पाणी निघाले आणि आतड्यांना उकडलेल्या बलकासारखे गोळे चिकटलेले दिसले.

रानकोंबडी वर्षाला 10 ते 15 अंडी घालते, तर आपण निवडून तयार केलेल्या जाती 300 च्या आसपास घालतात. एकट्या डाव्या अंडाशयातून इतके बलक सुटत असताना वय वाढलेल्या कोंबडीत एखादा बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो, त्यात जंतू वाढतात आणि दाह सुरू होतो. अंडाशयाचा कर्करोगही कोंबडीत आपोआप होतो, इतका की माणसाच्या त्या रोगाचे संशोधक कोंबड्यांचा अभ्यास करतात.

मग उन्हाचा काहीच दोष नव्हता का? होता, पण शेवटच्या धक्क्यापुरता. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंश असते आणि तिला घाम येत नाही, त्यामुळे धापा टाकूनच तिला अंग थंड ठेवावे लागते. परंतु तिच्या श्वसनाच्या हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात, आणि पोटात पाणी साचले की त्यांना फुगायला जागाच उरत नाही.

खरोखर अचानक येणारे मरणही असते. उरलेला भात, भाकरी आणि मका लाडाने खाऊन लठ्ठ झालेल्या कोंबडीचे चरबीने भरलेले यकृत फुटते आणि ती पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन मरते. तुरा पांढराफटक पडलेला असतो. तो लाड मला अजिबात मान्य नाही.

दोन-चार दिवसांत एकापेक्षा अधिक कोंबड्या गेल्या, माना पिळवटल्या, हिरवी विष्ठा दिसली, तर मात्र वयाचा विचार सोडून मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) आणि बर्ड फ्लूचा संशय घ्यावा. डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले, हे आपण विसरलेलो नसू. अशा वेळी घरी कोंबडी कापू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. एकटीच मेली असेल, तर ती दुहेरी पिशवीत बांधून बर्फात ठेवून शवविच्छेदनासाठी आणावी. फ्रीझरमध्ये गोठवल्यास आतील ऊती बिघडतात.

त्या बाईंना मी उरलेल्या चारही कोंबड्यांची छाती रात्री, त्या बसल्यावर, चाचपून पाहायला सांगितले. साडेआठला त्यांचा फोन आला: तांबड्या कोंबडीचे हाड बोटाला लागत होते आणि संध्याकाळी भरलेली असायला हवी ती गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी होती.