पाल्याचा गुण की शेकाचा?

श्रोतेहो, नमस्कार. निर्गुडीची ओळख करून देण्याची गरज आपल्या भागात तरी नाही. नाल्याकाठी ती आपोआप वाढते, आणि गुडघा सुजला की तिचा पाला तेलाचा हात लावून तव्यावर गरम करायचा व फडक्यात बांधायचा, हे घराघरांत ठाऊक आहे. (बांधावरची निर्गुडी तणनाशकाने जाळायची आणि तिचेच तेल शहरातून बाटलीत विकत आणायचे, यातला शहाणपणा मला आजवर कळलेला नाही, पण ते असो.) आजचा प्रश्न एवढाच आहे: पाला बांधल्यावर सूज उतरली, तर ती पाल्यामुळेच उतरली, हे ठरवायचे कसे?

औषधनिर्माणशास्त्र शिकवताना या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देत नाही, पांढरकवड्याच्या पुढे एका गावात भेटलेल्या आजींची गोष्ट सांगतो. ती मी इतक्या वेळा सांगितली आहे, की आमचे विद्यार्थी आता तिचा शेवट माझ्या आधी म्हणून मोकळे होतात.

कापूस वेचणीचे दिवस होते. आम्ही निर्गुडीचा पाला गोळा करायला गेलो, तेव्हा या आजी दोन्ही गुडघे बांधून ओसरीत बसल्या होत्या. आराम आहे का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. त्या म्हणाल्या, "आराम तं हाये माय, पन तो पाल्याचा का तव्याचा, हे मले कोनी सांगत नाही."

मग कळले की आजींनी स्वतःच त्याचा शोध चालवला होता. एका गुडघ्याला गरम पाला आणि दुसऱ्याला नुसताच गरम केलेला फडका बांधायचा, असे त्यांनी सुनेला सांगितले होते; शिवाय कोणत्या गुडघ्याला काय बांधले, हे सुनेने त्यांना सांगायचे नव्हते. अडचण आली ती वासाची. निर्गुडीचा उग्र वास कोणत्या बाजूने येतो, हे आजींना लगेच कळायचे, आणि पाला तिकडे आहे असे कळले की तोच गुडघा हलका वाटायचा! यावर सूनबाईंनी काढलेला तोडगा भल्याभल्यांना सुचला नसता. त्यांनी खाटेच्या चारही पायांना निर्गुडीच्या डहाळ्या बांधून टाकल्या. वास चहूकडून येऊ लागला आणि आजींचा अंदाज संपला. त्यानंतर सूनबाई रोज गुडघे बदलत राहिल्या; आज पाला उजवीकडे, तर उद्या डावीकडे.

निष्कर्ष काय निघाला, असे आम्ही उत्सुकतेने विचारले. आजी म्हणाल्या, "शेकाचा गुन मले पटला. कधी हा गुडघा हलका, कधी तो. पाल्याचं तुमी पाहा, तुमी शिकेल मानसं."

प्रयोगशाळेत आम्ही नेमके तेच पाहतो. कशाच्या तुलनेत? हा शब्द कृपया लक्षात ठेवावा: कशाच्या तुलनेत? 1962 पासून वापरात असलेल्या एका पद्धतीत उंदराच्या पंजात कॅराजीनन हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ टोचून सूज आणतात आणि पंजाचे आकारमान दर तासाला मोजतात. उंदरांच्या एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला डायक्लोफेनॅकसारखे ठाऊक असलेले औषध आणि बाकीच्या गटांना वनस्पतीचा अर्क कमी-अधिक मात्रेत आधीच दिलेला असतो. सुरुवातीची सूज शरीरातच सुटणाऱ्या हिस्टामिनसारख्या द्रव्यांमुळे येते आणि पुढच्या तासांतली प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन या तशाच दुसऱ्या द्रव्यामुळे. म्हणून अर्क कोणत्या तासाला उपयोगी पडला, यावरून तो कशावर काम करत असावा, याचा अंदाज बांधता येतो. निर्गुडीच्या पानांच्या अर्काने उंदरांमधील सूज कमी झाल्याचे अशा प्रयोगांत दिसले आहे. मात्र तो अर्क पोटात दिलेला होता, कातडीवर बांधलेला नव्हता, म्हणजे आजींचा प्रश्न त्याने सुटला असे म्हणता येत नाही.

माणसांवरची परीक्षा कशी घ्यावी, याचे उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. मेळघाटच्या जंगलात सालईचे झाड मुबलक आढळते आणि त्याचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो. त्या डिंकाच्या अर्काची चाचणी नागपुरात गुडघ्याची झीज झालेल्या 30 रुग्णांवर घेण्यात आली आणि ती 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना आठ आठवडे अर्काच्या कॅप्सूल आणि निम्म्यांना औषध नसलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. मधे 21 दिवस थांबून दोन्ही गटांची अदलाबदल करण्यात आली. पुन्हा सांगतो: गटांची अदलाबदल केली. त्यामुळे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. आजींच्या घरी गुडघे बदलले, ते याच कारणाने. या चाचणीत अर्कामुळे वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला आणि चालण्याचे अंतर वाढले. एक्स-रेमध्ये मात्र काहीही फरक दिसला नाही. झिजलेला सांधा भरून देतो म्हणून बाजारात जी चूर्णे खपतात, त्यांच्या जाहिराती ऐकताना हे शेवटचे वाक्य आठवावे.

निर्गुडीचा गरम पाला बांधायला माझी हरकत नाही. मात्र जखमेवर तो बांधू नये, आणि गुडघा लाल होऊन सोबत ताप आला असेल, तर शेकत न बसता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. नमस्कार.